आपले घर : खापराची जाळी

'इंटिरियर डिझाइन' हा शब्द मराठीत आणावयाचा म्हटले की अनुवादकाची पंचाईत होते. कोणी 'अंतर्गत सजावट' म्हणतात, कोणी 'गृहशोभन', तर कोणी 'गृहालंकरण'. या साऱ्या प्रतिशब्दांत शोभा आणि अलंकार आधी येतात, घर मागाहून. मूळ कल्पनेत मात्र आखणीचा भाग सजावटीहून मोठा आहे. उजेड कोठून घ्यावा, वारा कोठून खेळवावा, पाण्याचा माठ कोणाच्या हाताशी असावा, दुपारच्या वेळी घरातील वृद्ध माणसाने कोठे पडावे, हे प्रश्न आधीचे. भिंतीला रंग कोणता द्यावा हा त्यांच्या नंतरचा. शब्द चुकला की विचारही वाकडा होतो, असे आम्हाला पुष्कळदा वाटते. म्हणून या लेखापुरता आम्ही साधा 'घराची मांडणी' हाच शब्द वापरणार आहोत.

घराच्या मांडणीसाठी कल्पना कोठून आणाव्यात, असे वाचक वारंवार विचारतात. बाजारात सुंदर छपाईची चित्रमय पुस्तके मिळतात, पण त्यांतील खोल्यांत कोणी राहत असल्याची खूण क्वचितच दिसते. तेथे वाळत घातलेला पंचा नसतो, शाळेचे दप्तर नसते, औषधाची बाटली नसते. अशा खोलीची नक्कल आपल्या दोन खोल्यांत करावयास जावे, तर पहिल्या आठवड्यातच नक्कल आणि संसार यांचे भांडण जुंपते आणि त्यात संसार जिंकतो. तो जिंकावा हेच योग्य. मग कल्पना शोधाव्यात कोठे? आम्ही आज आपणांस त्यासाठी छत्तीसगडात नेणार आहो.

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग वर्धा, नागपूर, गोंदिया, राजनांदगाव असा छत्तीसगडात शिरतो. दुर्ग आणि भिलाई मागे पडले की रायपूर येण्याआधी कुम्हारी हे स्थानक लागते. तेथून पुढे खारून नदी ओलांडली की रायपूर आलेच. कुम्हार म्हणजे आपला कुंभार. त्यामुळे गावाचे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चाक, आवा आणि गाडगी-मडकी उभी राहतात. या प्रदेशातील कुंभार केवळ मडकी घडवीत नसे, तो घरांवरचे छप्परही चाकावर घडवीत असे. नळीचे कौल आपण पाहिलेच असेल. कुंभार आधी चाकावर एक उभी पोकळ नळी ओढतो, माती थोडी आवळली की तिला उभी चीर देतो, आणि भाजल्यावर तिची दोन अर्धगोल कौले होतात. म्हणजे पाण्याचा घडा आणि डोक्यावरचे छप्पर ही एकाच हाताची आणि एकाच गतीची भावंडे होत. एका रांगेत उताणी कौले आणि तिच्यावर पालथी, अशा रचनेतून पाणी वाहून जाते, आणि कौलांच्या फटींतून घरातील धूर व उष्ण हवा बाहेर पडते. पाहणाऱ्याला ती एक सुरेख लाट दिसते. पण ती लाट कोणी शोभेसाठी काढलेली नाही.

आम्हाला नेमके हेच सांगावयाचे आहे. रोजच्या वस्तूंतील जी नक्षी आपणांस मोहविते, ती बहुधा कोणत्या तरी गरजेच्या पोटी जन्मलेली असते. गरज ओळखली तर नक्षी आपल्याही घरात रुजते. नुसती नक्षी उचलून आणली तर ती भिंतीवर टांगून राहते.

याचे एक थोर उदाहरण छत्तीसगडातच आहे. कुम्हारीहून खूप उत्तरेला, सरगुजा जिल्ह्यात, पुहपुटरा नावाचे खेडे आहे. तेथे सोनाबाई राजवार राहत. त्यांचा जन्म १९३०च्या सुमाराचा. लहान वयात लग्न झाले. पती वयाने बरेच मोठे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एक मुलगा झाला. गावापासून दूर बांधलेल्या नव्या घरात हे कुटुंब राहावयास गेले आणि पतीच्या आग्रहामुळे सोनाबाईंचे घराबाहेर पडणेच थांबले. माहेर नाही, शेजार नाही, बाजार नाही. अशी सुमारे पंधरा वर्षे गेली.

घरात तान्हे मूल होते, आणि त्याला खेळणे नव्हते. सोनाबाईंनी अंगणातील माती घेतली आणि त्याच्यासाठी बाहुली केली, मग पक्षी, मग प्राणी. खेळणी पुरी झाली तरी हात थांबेनात. घराच्या ओसरीला उन्हाची झळ लागे. त्यासाठी त्यांनी बांबूच्या पातळ कामट्या वाकवून त्यांची कडी केली, कड्याला कडे बांधून पडदी उभी केली आणि तिच्यावर माती लिंपून जाळी तयार केली. त्या जाळीतून वारा आत येई आणि कडक ऊन बारीक बारीक चकत्यांत फुटून जमिनीवर पडे. पुढे त्या जाळीच्या वाटोळ्या खिडक्यांत मातीचे पक्षी येऊन बसले, माकडे आली, साप आले, ढोल वाजविणारी माणसे आली. रंग बाजारचे नव्हतेच. आसपासची रंगीत माती, भाजीपाला आणि स्वयंपाकघरातील मसाले यांतून ते निघाले. अशी जाळी त्यांनी कोणाची पाहिली नव्हती. त्या प्रदेशात पौषात, धान घरात आल्यावर, भिंती लिंपून त्यांवर मातीचे उठावाचे काम करण्याची बायकांची रीत होती. तेवढे बालपणीचे भांडवल आणि समोरचे ऊन, एवढ्यावर हे सारे उभे राहिले.

१९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले. त्यातील 'रूपंकर' या कलासंग्रहाची धुरा चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती, आणि त्यांनी खेड्यापाड्यांतील कला शोधण्यासाठी तरुण कलावंतांच्या तुकड्या पाठविल्या होत्या. त्यांपैकी एक तुकडी १९८३ मध्ये पुहपुटऱ्याला सोनाबाईंच्या घरी पोहोचली. तिच्यातील कलावंतांना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी. पुढे सोनाबाईंना राष्ट्रीय सन्मान मिळाला, देशोदेशी नाव झाले, गावातील इतर जणी त्यांच्यापासून शिकल्या. २००७ मध्ये सोनाबाई वारल्या. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मिंगेई संग्रहालयाने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरविले.

ही कथा सांगताना एक मोह टाळावा लागतो. एकांतवासामुळेच कला फुलली, तेव्हा तो एकांतवासही बरा, असे म्हणण्याचा तो मोह. आम्हाला हे म्हणणे क्रूर वाटते. घराच्या चौकटीत कोंडलेल्या किती बायांच्या हातून जाळी निर्माण झाली नाही, त्यांची गणती कोणी ठेविली आहे? सोनाबाईंनी आपल्या घराला सुंदर केले, ते त्या घराने त्यांच्यावर उपकार केले म्हणून नव्हे. त्या घरात दुसरे काहीच सुंदर नव्हते म्हणून. हे लक्षात ठेवून मग त्यांच्या जाळीकडे पाहावे. ती अधिकच थोर दिसते.

तसाच दुसरा मोह सारवणाचा. शहरातील सुशिक्षित मंडळी सारवलेल्या जमिनीचे फार कौतुक करतात, आणि ती सुंदर असते यात शंका नाही. परंतु सारवण दर थोड्या दिवसांनी करावे लागते, आणि ते वाकून, गुडघ्यांवर बसून करावे लागते. छत्तीसगडात छुही नावाच्या पांढऱ्या मातीने भिंती पोतारतात. त्या भिंतीची शुभ्रता चुन्याहून सौम्य आणि डोळ्याला शांत वाटते. तीही वर्षानुवर्षे पुनःपुन्हा कोणाच्या तरी हाताने होते. तेव्हा ज्या गृहिणीने फरशी घालून घेतली, तिने संस्कृती सोडली असे आम्ही कदापि म्हणणार नाही. तिने पाठीला विसावा दिला. प्रश्न एवढाच उरतो की सारवणात जे डोळ्यांना सुखविणारे होते, ते फरशीच्या घरात कसे टिकवावे. एकरंगी, मंद, न चकाकणारी जमीन आणि तिच्या कडेने पांढऱ्या मातीची एक रेघ, हे सारवणाचे रूप होते. फरशी निवडताना चकचकीत फुलांची नक्षी टाळून मातकट रंगाची साधी फरशी घ्यावी आणि भिंतीलगत फिकट रंगाची एकच पट्टी ठेवावी. खर्च वाढत नाही, आणि अंगणातील रांगोळीलाही हीच पार्श्वभूमी शोभते.

वस्तूकडे पाहण्याची दृष्टी यावी म्हणून एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. चार्ल्स ईम्स आणि त्यांच्या पत्नी रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. देश फिरून त्यांनी १९५८ साली सरकारला एक अहवाल दिला; त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचनासंस्था निघाली. इतके सारे पाहूनही त्या दोघांना अत्यंत मोह पडला तो आपल्या साध्या तांब्याचा, ज्याला हिंदीत लोटा म्हणतात. तो हातात कसा बसतो, कडेवर किंवा डोक्यावर कसा राहतो, भरलेला आणि रिकामा असता त्याचा तोल कसा, पाणी कसे ओतले जाते, आतून घासावयास हात जातो की नाही, ऊन लागले तर तापतो किती, मोडीत काढला तर किंमत काय येते, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. असा तांब्या कोणा एकट्याने बसून आखलेला नाही. पिढ्यापिढ्यांनी त्याला घासूनपुसून हा आकार दिला, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकहो, आपल्या घरातील एकच वस्तू घेऊन आपणही असे प्रश्न विचारून पाहा. सूप घ्या. त्याचे तोंड रुंद आणि मागची बाजू उंच का? पाखडताना कोंडा पुढे उडावा आणि दाणे मागे राहावेत म्हणून. हे कळल्यावर सुपाला सोनेरी रंग देऊन दिवाणखान्यात टांगावे असे वाटेनासे होते. त्याऐवजी मागे उंच आणि पुढे उतरती अशी फळी आपल्या दाराजवळ जोडे ठेवण्यास किती सोयीची होईल, असे मनात येते. आणि टोपली, परडी, सूप घ्यावयाचीच असतील, तर रोजच्या वापराला घ्यावीत, बुरुडाला त्याच्या कामाचा दाम द्यावा. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचे सूप आणि भिंतीवर बांबूचे, ही आजकालची रीत आम्हाला काही पटत नाही.

भिलाईचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने तेथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला, आणि १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीबरोबर वसाहतही उभी राहिली. सेक्टरांमागून सेक्टर, आणि त्यांत एकाच नकाशाची, एकाच मापाची घरे. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. सर्वांना भिंती सारख्या मिळाल्या. आता सारख्या भिंतीत आपले घर ओळखावे कसे? ज्याने त्याने आपला उंबरठा गाठला. कोणाच्या दारी तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची कोलम, कोणाच्या दारी अल्पना, कोणाच्या दारी छत्तीसगडी चौक, आणि आपल्या मराठी माणसाच्या दारी रांगोळी. घर भाड्याचे किंवा नोकरीचे असले की लोक म्हणतात, आपल्याला येथे काय करता येणार! उंबरठ्याची दोन हात जागा त्याला उत्तर देते.

मातीच्या उठावकामाची आठवण निघाली म्हणून सांगतो. सेवाग्रामला आपण गेला असाल तर बापूकुटीच्या भिंतीवरील ताडाची झाडे आणि चरखा आपणांस आठवत असतील. ती कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी होती. गांधीजी मागाहून तेथे राहू लागले. मीराबेन यांनी भिंतीच्याच मातीने ही चित्रे उठवली. समोर दिसत होती तीच झाडे, हातात होता तोच चरखा. भिंतीवर दुसरे काही टांगावे लागले नाही. इंग्लंडात वाढलेल्या एका बाईंना वर्ध्याजवळच्या त्या झाडांत जे दिसले, ते आपणांस आपल्या खिडकीतून दिसते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

रंगाची निवड हा मात्र अनेकांना पेचात टाकणारा विषय. दुकानात रंगांच्या पट्ट्यांचे पुस्तक पुढे आले की माणूस गोंधळतो. आमची सूचना अशी की दुकानात जाण्यापूर्वी घरातील एक जुने, आवडते लुगडे काढावे. छत्तीसगडात त्यालाच लुगरा म्हणतात, हे कळल्यावर आम्हाला फार आनंद झाला होता. त्या लुगड्यात अंगभर रंग किती, काठ किती, आणि काठातील बारीक रेघ किती, हे नीट पाहावे. अंगाचा रंग शांत असतो, काठ गडद पण अरुंद असतो, आणि अत्यंत तेजस्वी रंग केवळ दोऱ्याएवढा असतो. विणकराने हे प्रमाण आपल्यासाठी केव्हाच ठरवून ठेवले आहे. भिंती अंगाच्या रंगात, दारे-खिडक्यांच्या चौकटी काठाच्या रंगात, आणि रेघेचा रंग एखाद्या उशीला किंवा कोनाड्याच्या आतल्या बाजूला. बहुतेक घरांची चूक होते ती काठाचा रंग अंगभर लावल्याने.

बाकी लहानसहान गोष्टी पुष्कळ आहेत. श्रावणातील अमावास्येला आपल्याकडे पोळा असतो, विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवितात. त्याच अमावास्येला छत्तीसगडात पोरा असतो, आणि मुलांच्या हाती कुंभाराने केलेला मातीचा चाकांचा बैल येतो. (तिकडे पौर्णिमेला महिना संपतो, म्हणून ती अमावास्या भाद्रपदातली, दिवस एकच.) तो बैल सण झाल्यावर कोनाड्यात ठेवा, दुकानातील शोभेची वस्तू त्याच्यापुढे उभी राहणार नाही. तसेच दिवाळीच्या सुमारास नव्या धानाच्या ओंब्यांची विणलेली झालर दारावर बांधतात. ती शोभा आहे, आणि चिमण्यांचे खाणेही आहे. झालर हळूहळू विरळ होत जाते, आणि शेवटी नुसती काडी राहते.

आता पुन्हा कुम्हारी. तेथे एक मराठी कुटुंब राहते. मालक भिलाईत नोकरीला, घरात दोन मुले आणि वर्ध्याकडच्या आजी. घर सिमेंटचे, वर सपाट छत, आणि आजींची खोली नेमकी पश्चिमेला. त्या भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत यावयास संध्याकाळ होते. सिमेंटच्या पातळ भिंतीला तेवढा धीर नसतो. दुपारी चार वाजता आजींच्या भिंतीला हात लावला तर चटका बसे, आणि रात्री छत दिवसभराची उष्णता खाली सोडी. पडदे लावून पाहिले. ऊन थांबले, पण वाराही थांबला. आजींना मुलीकडे नागपूरला पाठवावे की काय, असा विचार सुरू झाला होता. म्हाताऱ्या माणसाला केवळ एका भिंतीमुळे घर सोडावे लागणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच सुमारास शेजारच्या जुन्या घराचे छप्पर उतरवून तेथे स्लॅब टाकण्याचे काम निघाले. उतरविलेली नळीची कौले रस्त्याच्या कडेला ढिगाने पडली होती. फुटतील ती भरावात जाणार होती. आजी रोज दारात बसून तो ढीग पाहत. एक दिवस त्यांनी नातवाकडून दहा-बारा कौले आणवली आणि ओट्यावर एकावर एक रचून पाहिली, एक उताणे, त्यावर पालथे. मधल्या पोकळीतून पलीकडचे दिसू लागले. मग शेजाऱ्यांना विचारून धड असलेली कौले आणली, गवंडी बोलावला, आणि आजींच्या खोलीबाहेरच्या पडवीला छातीपासून वरपर्यंत या कौलांची जाळी उभी झाली. गवंडी प्रथम हसला. अशी भिंत त्याने बांधली नव्हती. पण प्रत्येक थराला मसाल्याची पातळ पट्टी देऊन, कौलांची टोके एका ओळंब्यात ठेवून, त्याने दोन दिवसांत ती चांगली बसविली. माशाच्या खवल्यांसारखी ती दिसते. ऊन आता भिंतीवर थेट येत नाही, जाळीवर येते. वारा मात्र खोलीपर्यंत पोहोचतो. सायंकाळी आजी जाळीवर पाणी शिंपडतात, आणि भाजलेल्या मातीतून येणारा वारा माठातल्या पाण्यासारखा गार लागतो. एका भोकात चिमणीने घरटे केले आहे, त्याबद्दल घरात मतभेद आहेत. सोनाबाईंचे नाव त्या घरात कोणी ऐकले नव्हते.

ज्यांना भिंतीला हात लावण्याची मोकळीक नाही, सरकारी निवासात किंवा भाड्याच्या घरात जे राहतात, त्यांनी उठावाचे काम लाकडी फळीवर करावे. फळीवर आधी सुतळीचे आडवेउभे वेढे घट्ट ताणून खिळ्यांनी पक्के करावेत, म्हणजे मातीला धरण्यास जागा मिळते. माती चाळून, त्यात शेण आणि बारीक चिरलेला पेंढा घालून, एक-दोन दिवस मुरू द्यावी. पहिला थर पातळ असावा. जाड थर हमखास तडकतो. तो सावलीत सुकल्यावर दुसरा द्यावा आणि चित्राचा उठाव त्यात घ्यावा. तडा गेलाच तर ओल्या बोटाने त्यात पातळ माती भरावी. चित्र काय काढावे, असे मुलांना विचारले तर ती बहुधा घरातले मांजर सांगतात, आणि ते उत्तमच असते. शेवटी पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात, आणि त्यावर गेरू. बदलीचा हुकूम आला की फळी दोन चादरींत गुंडाळून, मातीची बाजू वर ठेवून, मालमोटारीत सर्वांत शेवटी चढवावी आणि नव्या गावी सर्वांत आधी उतरवावी.